बावीस दिवस

दादा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि कुवेतमधल्या बनेद अल-गारच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकदम जागाच जागा झाली. त्याआधी त्याच्या ओल्या टॉवेलला, त्याच्या बॅटला, त्याच्या मोठमोठ्यानं बोलण्याला मी रोज शिव्या घालत होते. तो गेल्यावर कळलं की घरात बोलणारा तोच एक होता. बाबा बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते. सकाळी सातला जायचे, संध्याकाळी सातला यायचे, आणि ताटावर बसले तरी त्यांचं डोकं ऑफिसातच असायचं. आई सकाळी एका नर्सरीत शिकवायची आणि दुपारी डोकं दुखतं म्हणून पडदे ओढून पडायची. मी दोनला शाळेच्या बसमधून उतरायची. दोन ते सात हे पाच तास कसे काढायचे ते मला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेतल्या मैत्रिणी सगळ्या सालमियाला राहायच्या, आणि एकटीनं कुठं जायचं नाही हा घरचा नियम. मग मी आवाज ऐकत बसायची. उन्हाळ्यात एसीच्या घरघरीपुढं काहीच ऐकू यायचं नाही, हिवाळ्यात मात्र सगळं यायचं. दोन मशिदींची बांग, एक जरा आधी आणि एक जरा मागून. समुद्राकडच्या रस्त्यावरच्या गाड्या. खाली हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, पाइपनं गाड्या धुवायचा तो आवाज. माझ्यासाठी म्हणून आलेला आवाज त्यात एकही नसायचा. ‘एकटं वाटतं’ असं तेव्हा म्हणायची सोय नव्हती. आईनं विचारलं असतं, काय कमी आहे तुला? आणि खरंच काही कमी नव्हतं.

उस्ताज आमच्या घरात आले ते भाकरीमुळं. आई लातूरकडची. रोज पोळ्या केल्या तरी आठवड्यातून एकदा ज्वारीची भाकरी थापल्याशिवाय तिचं मन लागायचं नाही. एका शुक्रवारी सकाळी ती भाकऱ्या थापत होती, चुलत्याच्या शेतातली ज्वारी कुणाकुणाच्या बॅगेतून आलेली, आणि दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे सुदानी गृहस्थ दारात उभे होते. उंच, काळेभोर, पायघोळ पांढरा झगा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "माफ करा, तुम्ही कुठलं धान्य भाजता आहात?" आईला प्रश्नच कळेना, तिनं सरळ पिठाचा डबा पुढं धरला. त्यांनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. "दुरा," ते म्हणाले, म्हणजे त्यांच्याकडची ज्वारी. आईनं तव्यावरची भाकरी तशीच त्यांच्या हातावर दिली. उंबऱ्यात उभ्या उभ्या त्यांनी ती कोरडीच खाल्ली. "लेकरासारखं खायलेत बघ," आई मला मराठीत म्हणाली. मी तिला नेहमीप्रमाणे इंग्रजीत म्हणाले, मम्मी, प्लीज. तेव्हा मला आईच्या बोलीची लाज वाटायची. आज माझी मुलगी मला तसंच म्हणते.

त्यांचं नाव इद्रीस, पण सगळे उस्ताज म्हणायचे, म्हणजे गुरुजी. रुमैथियातल्या दोन-तीन कुवेती घरांत ते मुलांना गणित शिकवायला जायचे. माझं गणित कच्चं होतं. भाकरीची परतफेड म्हणून त्यांनी मला शिकवायचं ठरवलं, आठवड्यातून चार दिवस, दुपारी चार वाजता. दार सताड उघडं ठेवायचं, ही अट आईनं घालायच्या आधी त्यांनीच घातली. मी तीनपासून घड्याळाकडं बघत बसायची. खरं सांगायचं तर गणितासाठी नाही. वर गेलं की कुणीतरी विचारायचं, "आज काय झालं?" आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायचं. ते करकदेचं लालभडक सरबत द्यायचे. आमच्याकडं अंबाडीची भाजी खातात, त्याच जातीच्या फुलांचं ते. आंबट. त्यात साखर किती घालायची हे त्यांना कधीच कळलं नाही. आमचं बोलणं इंग्रजी आणि अरबीच्या खिचडीत चालायचं, इथं मी ते मराठीत मांडते आहे.

त्यांची हकिकत मला एकदम कळली नाही, गणितं सोडवता सोडवता तुकड्यातुकड्यांनी कळली. त्यांच्या देशात लष्करानं सत्ता घेतली होती. उस्ताज तेव्हा शाळेत शिकवायचे आणि शिक्षकांच्या संघटनेत होते. अशा माणसांना आधी नोकरीवरून काढलं आणि मग उचलायला सुरुवात झाली. उस्ताज ओमदुर्मानला मावशीच्या घरी लपले, मागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांच्या आड. ते तिथं आहेत हे तीनच माणसांना माहीत होतं. मावशीला, आईला आणि धाकट्या भावाला, हाशिमला. वडील लवकर गेल्यामुळं हाशिमला उस्ताजांनीच वाढवलं होतं, गणित शिकवून लष्करी कॉलेजात पोचवलं होतं, आणि तो नुकताच अधिकारी झाला होता. सहाव्या दिवशी सकाळी शिपाई आले ते शेजारीपाजारी न विचारता, बाकीच्या खोल्यांत न डोकावता थेट मागच्या खोलीत आले. अकरा महिने उस्ताज आत होते. त्यांनी आतलं काही कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सुटल्यावर ते देश सोडून निघाले, त्याला सोळा वर्षं झाली होती. दर शुक्रवारी ते आईला फोन करायचे. ऐंशी ओलांडलेली म्हातारी दर शुक्रवारी एकच विचारायची, कधी येतोस?

त्या जानेवारीत हाशिम कुवेतला आले. आता ते ब्रिगेडियर होते, पण साध्या शर्टपँटमध्ये आले. गुबगुबीत, हसरे, सगळ्यांशी पहिल्या मिनिटात ओळख करून घेणारे. आल्या दिवशी त्यांनी उस्ताजांचा गळका नळ दुरुस्त केला आणि माझ्या आईसाठी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी खाली पाठवली. मला ते आवडले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर सगळं कळल्यावर ‘मला पहिल्यापासूनच संशय होता’ असं म्हणायचा मोह होतो. तसं काही नव्हतं. तिकडच्या सरकारनं तेव्हा समेटाची भाषा सुरू केली होती. करार झाला होता, निवडणुका होतील असं म्हणत होते, परागंदा झालेल्यांनी परत यावं म्हणत होते. हाशिमनी सोबत एक कागद आणला होता. त्यावर उस्ताजांनी सही करायची, की मागच्या कशाबद्दलही माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मग जुनी नोकरी गेली ती गेली, पण मान परत मिळेल, विमानतळावर कुणी अडवणार नाही, आईला डोळे भरून बघता येईल. कागद टेबलावर करकदेच्या पेल्याखाली पडलेला असायचा. दोघे भाऊ समोरासमोर बसायचे आणि हवेबद्दल बोलायचे.

मी खाली येऊन हे सगळं आईला सांगितलं, कारण मला भीती वाटत होती. सही झाली की उस्ताज जाणार, आणि मग माझे दोन ते सात परत तसेच. ही भीती मी तिला सांगितली नाही, भावांचं पटत नाही एवढंच सांगितलं. आई तेव्हा पाटावर बसून तिळाचे लाडू वळत होती. संक्रांत होती. तीळ मुबारकियाच्या बाजारातले, गूळ इंडियन स्टोअरमधला, चिक्कीचा नव्हे म्हणून ती करवादलेली. तिनं एका वाटीत सहा लाडू घातले आणि म्हणाली, "जा, वर देऊन ये. आन् त्यांला नीट सांग. आज तिळगूळ घेतला की भांडण सोडायचं असतं म्हणावं. सख्खे भाऊ असून तोंडं फिरवून बसायलेत." आमच्यातली कुठलीही बाई हेच म्हणाली असती. संक्रांतीला आपण हेच करत आलो आहोत. वर्षभर जिच्याशी अबोला धरला त्या जावेच्याही हातावर तिळगूळ ठेवायचा, गोड बोला म्हणायचं आणि कुणी काय केलं होतं ते विचारायचं नाही.

मी वर गेले आणि शाळेतल्या निबंधासारखं सगळं समजावून सांगितलं. हाशिमना ते इतकं आवडलं की त्यांनी टाळीच वाजवली. लाडू तोंडात टाकून म्हणाले, "अरे, हे तर आपलेच तीळ आहेत. इद्रीस, बघ, आपल्या मातीतले तीळ समुद्र ओलांडून तुला सांगायला आलेत. या मुलीला कळतं ते तुला कळू नये? खा आणि सही कर."

उस्ताजांच्या तळहातावर मी लाडू ठेवला होता. लेकरानं दिलेलं अन्न नाकारणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि खाल्लं तर काय होणार हे आम्हां तिघांनाही दिसत होतं. त्यांनी मला विचारलं, "तुमच्यात हे देताना, आधी काय घडलं होतं ते कुणी बोलतं का?"

"नाही," मी म्हणाले. "तीच तर त्यातली चांगली गोष्ट आहे."

"लहान भांडणांसाठी चांगली आहे," ते म्हणाले. मग भावाकडं वळले. "हाशिम, मी हे खातो. सहीही करतो. तू एवढंच सांग, मावशीचं घर त्यांना कुणी दाखवलं?"

हाशिम हसायचे थांबले. मग भराभर बोलायला लागले. तो काळच तसा होता, वरून हुकूम यायचे, कुणाच्या हातात काही नव्हतं, सगळ्यांनीच सोसलं, आपण आता म्हातारे झालो, आई वाट बघते आहे. बोलता बोलता त्यांनी उस्ताजांच्या मनगटाला हात घातला आणि तो हात तोंडाकडं न्यायला लागले. हसत हसतच, लहान मुलाला भरवावं तसं. उस्ताज हात सोडवून घेत नव्हते, पण त्यांची मान मागं मागं जात होती. मी वाटी धरून उभी होते.

माझी वाट बघून आई वर आली होती ती नेमकी तेव्हा. उघड्या दारातून तिनं काय पाहिलं आणि किती समजलं, कोण जाणे. ती आत आली, उस्ताजांच्या हातावरचा लाडू तिनं उचलून घेतला आणि परत वाटीत ठेवला. दिलेला तिळगूळ परत घेतलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "ह्यांला सांग," ती मला म्हणाली, "माझं चुकलं म्हणावं. मला ठाव नव्हतं." मी सांगितलं. उस्ताजांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. जिना उतरताना आई नुसती पुटपुटत होती, "सगळ्यांनी मिळून त्या माणसाला कोंडीत धरलंय, आन् आपण त्यात वाटी घेऊन गेलो बाई."

तिला चूक कळायला एक मिनिट लागलं आणि कबूल करायला अर्धं. माझं तसं झालं नाही.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर हाशिम जिन्यात बसलेले. शेजारी सुटकेस. उस्ताज मुद्दामच लवकर रुमैथियाला निघून गेले होते, निरोप द्यायला लागू नये म्हणून. कागद सहीविना परत चालला होता. हाशिमनी मला वाट दिली नाही. चेहऱ्यावरचं गुबगुबीत हसू उतरलं की माणूस किती वेगळा दिसतो, हे मी तेव्हा पाहिलं. "तू हुशार मुलगी आहेस," ते इंग्रजीत म्हणाले. "इद्रीसला सांग. घर मी दाखवलं. मी गाडीत बसलो होतो, गल्लीच्या तोंडाशी. नसतं दाखवलं तर माझं काय झालं असतं ते मला माहीत नाही. आता वाटतं, काहीच झालं नसतं. माझं विमान गेल्यावर सांग. माझ्या तोंडून ते निघत नाही." खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. ते सुटकेस उचलून उतरले.

मी घरात आले, दप्तर ठेवलं, हातपाय धुतले आणि पलंगावर बसून विचार केला. विचार अगदी सरळ होता. उस्ताज ज्या एका वाक्यासाठी सोळा वर्षं थांबलेत, ते माझ्याकडं आहे. ते मी दिलं की ते सही करणार. सही केली की ते जाणार. म्हणजे न सांगितलं तर ते राहणार. मला यात कुठं काही काळंबेरं दिसलं नाही असं म्हणणार नाही. दिसलं. पण उद्या सांगू असं मी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता मी वर गेले तेव्हा उस्ताजांनी वही उघडायच्या आधी विचारलं, "हाशिम जाताना काही म्हणाला का?"

"सलाम म्हणाले," मी उत्तर दिलं.

मी खोटं बोलू शकते हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि वहीत वर्तुळ काढलं. त्यानंतरचे माझे दिवस छान गेले, हे लिहिताना आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. थंडी पडली होती, उस्ताज आल्याची कॉफी करायचे, मला त्रिकोणमिती जमायला लागली. घरी दादाचा फोन आला की मी त्याला ऐटीत मार्क सांगायची. फक्त शुक्रवारी वरून फोनवरचा त्यांचा आवाज यायचा तेव्हा मी टीव्ही मोठा करायची.

मग एका संध्याकाळी वरच्या दाराबाहेर पंधरा-वीस चपलांचे जोड दिसले. पांढऱ्या पागोट्यातले सुदानी लोक जिना चढत होते, कॅसेटवर कुराणपठण चाललं होतं. हारिसनं बाबांना सांगितलं, उस्ताजांची आई वारली. तीन दिवस माणसं येत-जात होती. आईनं दोन वेळा भाकऱ्या करून पाठवल्या, आणि त्या घेऊन वर जायला मी नकार दिला. पोट दुखतं म्हणाले. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "काय लपवायलीस गं?" मी रडायला लागले आणि हाशिमचं नाव काढलं. आईनं हात वर करून मला थांबवलं. "मला नको सांगूस. ज्यांला सांगायचं त्यांला सांग." ती माझ्याबरोबर येईल असं मला वाटलं होतं. ती आली नाही, ओट्याकडं तोंड करून उभी राहिली.

मी एकटीच वर गेले तेव्हा माणसं गेली होती. उस्ताज भिंतीला टेकून गादीवर बसले होते, दाढी वाढलेली. मी उभ्यानंच सांगितलं. हाशिम जिन्यात काय म्हणाले ते, शब्द जसे आठवत होते तसे. मग तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, हेही. तुम्ही गेला असता म्हणून.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं. गणिताच्या मास्तरांचाच प्रश्न.

"बावीस."

त्यांनी बोटावर काहीतरी मोजलं. मी पुष्कळदा मनात तो हिशेब केला आहे. ते गेले असते तर आई त्यांना भेटली असती. त्यांनीही तेवढंच मोजलं असणार. "हो," ते म्हणाले, "गेलो असतो."  माझी अपेक्षा होती की ते म्हणतील, जाऊ दे बेटा, तू लहान आहेस. मोठी माणसं म्हणतातच तसं. ते म्हणाले, "तुला माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. ते खोटं होईल. पण तू स्वतः येऊन सांगितलंस. घरी जा. उद्या चारला ये."

आता, इतक्या वर्षांनी, त्यांच्या शहरात पुन्हा तोफा चालताहेत, एका फौजेची दुसरीशी जुंपली आहे. बातम्यांमध्ये कुठल्या तरी परक्या देशातल्या हॉटेलात लांब टेबलाभोवती बसलेली माणसं दिसतात. समेट, नागरी सरकार, नवं पान, असले शब्द येतात. मी भांडी घासता घासता ऐकते आणि वाट बघते की यांच्यातला एखादा तरी म्हणेल, घर मी दाखवलं. अजून कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. उस्ताज असते तर म्हणाले असते, सोळा वर्षं तर लागतातच.

मी सगळं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चारला वर गेले. गणिताची वही छातीशी धरली होती. दार उघडंच होतं, पण आतून आवाज येत होता म्हणून मी पायरीवरच थांबले. उस्ताज फोनवर ओरडत होते. त्या शांत माणसाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. अरबी इतकं भराभर की मला अर्धंमुर्धंच कळत होतं. मावशीचं घर, गाडी, आई, आणि पुन्हा पुन्हा हाशिमचं नाव. मध्येच ते थांबायचे, तेव्हा फोनमधून पलीकडचा आवाजही बारीक ऐकू यायचा, तोही ओरडत होता, आणि रडत होता. आता हवेबद्दल कुणीच बोलत नव्हतं. सोळा वर्षांत ते दोघे पहिल्यांदा भांडत होते. ज्या वाक्यासाठी ते अडले होते ते आता बोललं गेलं होतं, आणि उस्ताज आता जाणार हे मला त्या आवाजावरूनच कळलं. खालून कुणाची तरी पावलं वाजली, हारिस पत्रं घेऊन वर येत होता. मी त्याला हातानं थांबवलं, आणि फोन संपेपर्यंत जिना अडवून तिथंच बसून राहिले.